नवरा जेलात अन् बाई वाळीत: गटातून काढायचं म्हणतात, सुरुवात कुठून करावी?

गटसखी (यवतमाळ जिल्हा):

नमस्कार मंडळी. गाव तीनेकशे घरांचं. उमेदच्या (सरकारच्या बचतगट अभियानाच्या) दहा बायकांच्या एका गटात एकीचा नवरा दसऱ्यापासून जेलात आहे. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडण झालं, कुऱ्हाडीच्या दांड्यानं समोरच्याचं डोकं फुटलं. तो माणूस वाचला, पण कलम मोठं लागलं. दोषारोपपत्र गेलं, केस अजून बोर्डावर आली नाही. मुलं दोन, पोरगा आठवीत अन् पोरगी चौथीत. शेत साडेतीन एकर, सातबारा नवऱ्याच्या नावावर.

गाव कसं वागून राहिलं ते सांगते. कापूस वेचणीच्या टोळीत तिला घेणं बंद झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. वाण्यानं उधारीची वही मिटवली. रात्री दोनदा कोणी तरी दाराची कडी वाजवून गेलं. आता गटातल्या सहाजणी म्हणतात, तिला काढा, कर्ज बुडेल. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरची सून आमच्याच ग्रामसंघात (गावातल्या सगळ्या गटांच्या संघात) आहे, त्यामुळे कोणी उघड बोलत नाही.

अजून दोघी आहेत. एका मुलीचा साखरपुडा झाला होता, तो पोरगा याच केसमध्ये आत आहे. घरचे म्हणतात दुसरीकडे पाहू, ती नाही म्हणते. तिला भेटायला जायचं आहे, पण नात्याच्या रकान्यात काय लिहायचं? दुसरी पाट लावून आलेली बाई, तिचाही माणूस आत, लग्नाचा कागद एकही नाही.

मला तिघींसाठी नेमकं काय करता येते ते पाहिजे. धीर द्या, समजावून सांगा हे करून झालं.

---

वही_दप्तर:

आधी गटाचं. कर्जाची भीती आणि बदनामीची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बैठकीत दोन्ही एकाच तोंडानं बोलल्या जातात. पहिली वहीत उत्तर देऊन संपवता येते. ती संपली की दुसरी उघडी पडते, मग तिच्याशी बोलता येते. उलट क्रमानं केलं तर नुसतं भांडण होते.

बैठकीच्या आधी तिचं खातं कागदावर काढा: बचत किती जमा, बँक कर्जातला तिचा वाटा किती, फेडलं किती, थकलं किती. समजा तिच्याकडे १८,००० बाकी आहेत आणि हप्ता १,५०० चा. ती सध्या ५०० देऊ शकते. बँकेचा हप्ता गटानं पूर्ण भरायचा आणि कमी पडलेले १,००० तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून वहीत टाकायचे. सहा महिन्यांत ते ६,००० होतात. दहाजणींनी महिना शंभर रुपयांनी तीन वर्षं बचत केली असेल तर गटाकडे ३६,००० व्याज न धरता जमले असतात. म्हणजे हे गटाच्या आवाक्यातलं आहे. हे आकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. 'कर्ज बुडेल' हे वाक्य ६,००० रुपयांवर येऊन थांबते.

गटाकडे तेवढी शिल्लक नसेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो. घरातला कमावता माणूस अचानक गेला, आजारपण आलं, धान्य संपलं, अशाच वेळेसाठी तो आहे. अर्जात कारण 'घरातील कमावती व्यक्ती सध्या घरी नाही' एवढंच लिहा. जेल हा शब्द ठरावात येऊ देऊ नका, ती वही पुढं दहा लोक चाळतात.

काढून टाकण्याचा ठराव आलाच तर कारण लेखी मागा. सभासद गटातून जाते ती स्वतः राजीनामा देऊन, किंवा बचत, हजेरी, परतफेड याबाबत गटानं घातलेला नियम तिनं मोडला म्हणून. नवऱ्यावर गुन्हा दाखल आहे हे त्यात बसत नाही. आणि एक नक्की सांभाळा: 'तूच स्वतःहून राजीनामा दे, इज्जतीनं निघ' असं तिला बाजूला घेऊन कोणी तरी म्हणेल. तिची कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नका. बँकेचं गटकर्ज १० लाखांपर्यंत विनातारण असते, म्हणून तिच्यामुळे कोणाच्या घरावर बोजा चढेल ही भीतीही खरी नाही.

तिनं शिवाय खासगी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं आहे का ते विचारा. बहुतेक घेतलेलं असते. वसुलीवाले सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दारात बसून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलणं हाही त्यात छळच धरला आहे. पण गावात तेच होते, आणि नवरा जेलात आहे हे अर्ध्या गावाला त्या वसुलीच्या आवाजातूनच कळते.

---

मुलाखत_खिडकी:

साखरपुड्याच्या मुलीबद्दल. रकान्यात खरं लिहा, 'होणारी पत्नी' किंवा 'मैत्रीण'. 'बहीण' लिहून काम भागवू असा सल्ला तिला नक्की मिळेल. तो घेऊ नका. खिडकीवर आधार पाहतात, आडनाव जुळत नाही, आणि खोटी नोंद एकदा रजिस्टरला लागली की पुढची प्रत्येक मुलाखत, म्हणजे जेलातली भेट, अडते. आणखी एक आहे. त्याची खरी बहीण त्याच आठवड्यात आली तर दोघींपैकी एक परत जाते, आणि घरात नवं भांडण लागते. न्यायबंदीला (केस चालू असलेल्या बंद्याला) नातेवाईक आणि मित्र दोघंही भेटू शकतात. पण आतून त्यानं नाव सांगितलेलं पाहिजे आणि भेटायला होकार दिला पाहिजे. म्हणून पहिला निरोप त्याच्या आईमार्फत किंवा वकिलामार्फत आत जाऊ द्या.

जाण्याआधी तो कुठं आहे ते पक्कं करा. यवतमाळला जिल्हा कारागृह आहे, पण गर्दीमुळे किंवा दुसऱ्या कारणानं अमरावती नाहीतर नागपूर मध्यवर्तीला हलवतात आणि घरी कोणी कळवत नाही. बाया दिवसाची मजुरी बुडवून येतात आणि दारावरून परत जातात. ई-मुलाखतची नोंद ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर होते, त्यात प्रत्यक्ष भेट आणि व्हिडिओवरची भेट असे दोन्ही पर्याय असतात. त्यासाठी बंद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह लागते. 'पिंट्या' म्हणून गाव ओळखते, संगणक ओळखत नाही. वॉरंटवर जसं स्पेलिंग तसंच टाकावं लागते, ते वकिलाकडून घ्या. महा ई-सेवा केंद्रात नोंद करणार असाल तर गावातलं सोडून तालुक्याचं केंद्र गाठा. गावातल्या केंद्रात पाठीमागे उभा असलेला माणूस स्क्रीन वाचतो.

सोबत मूळ आधार आणि झेरॉक्स, बंद्याचं नाव, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोबाईल आत जात नाही. घरचा डबा परवानगीशिवाय जात नाही. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त घडते. आतला निरोप पाठवतो, 'दोन पन्न्या आण', आणि ती बिचारी निऱ्यांत किंवा लेकराच्या सॉक्समध्ये पन्नी लपवून आणते. झडतीत ती सापडतेच. मग मुलाखत बंद होते, गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि आजपर्यंत जिच्यावर एकही डाग नव्हता तिचं नाव कागदावर येते. त्यानं मागितलं तरी आणायचं नाही, हे पहिल्याच भेटीत काचेपलीकडून स्पष्ट सांगायला लावा.

भेटीचा वेळ थोडा असतो, त्यातला अर्धा रडण्यात जातो. हातावर पेनानं चार शब्द लिहून न्यावेत: वकील, तारीख, सही, शेत. केसमधल्या साक्षीदारांबद्दल तिथं बोलायचं नाही, पत्रात तर अजिबात लिहायचं नाही, पत्रं उघडून वाचली जातात.

पाट लावलेल्या बाईसाठी कागद असे जमवा: मुलांचे जन्मदाखले ज्यावर बापाचं नाव आहे, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. आणि त्यानं आतून अधीक्षकांकडे अर्ज द्यावा की ही माझी पत्नी, हिला भेटू द्यावे. मात्र त्याची पहिली बायको हयात असेल आणि कायदेशीर घटस्फोट झाला नसेल, तर 'पत्नी' हा शब्द अर्जात घालण्याआधी वकिलाला विचारा. तोच अर्ज उद्या दुसऱ्या लग्नाचा पुरावा ठरू शकतो. ग्रामपंचायतीत आता लग्नाची नोंद करून घेऊ असं कोणी सुचवेल. त्याला दोघांच्या सह्या आणि साक्षीदार लागतात, तो आत असताना ते जमत नाही.

---

वकीलपत्र:

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलं. मी कायद्याचं तेवढं सांगतो.

वकील. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. त्याच कलमात स्त्री हाही स्वतंत्र निकष आहे, म्हणजे त्या बाईला शेताच्या किंवा पोटगीच्या कामासाठी वेगळा मोफत वकील मिळू शकतो. तालुका कोर्टातच समिती बसते, फोन १५१००. गावातला मध्यस्थ 'साहेबाला भेटवतो' म्हणून पाच-दहा हजार घेतो, त्याच्याकडे जाऊ नये.

जामीन. गावाच्या वागण्याचा सगळ्यात जड फटका इथं बसतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. कोर्ट जामीन मंजूर करते, पण जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. गाव वाळीत टाकते तेव्हा सातबारा घेऊन कोर्टात उभं राहणारं कोणी उरत नाही. आदेश हातात असून माणूस आत राहतो. याच्यावर उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं कारागृहात जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करायच्या का ते न्यायालयानं स्वतःहून पाहावं. तेव्हा आठव्या दिवशी प्राधिकरणात जाऊन 'कळवलं का' एवढं विचारायचं. पैशाअभावी अडलं असेल तर गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. निघाली तेव्हा तीत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. अर्ज प्राधिकरण आणि कारागृहामार्फत जातो. अमली पदार्थ, यूएपीए वगैरे गुन्हे त्यात नाहीत.

लोक सांगतात की 'नव्या कायद्यात एक तृतीयांश शिक्षा भोगली की सोडतात'. अर्धवट माहिती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मी. पण ज्या कलमाला जन्मठेप ही एक शिक्षा आहे तिथं ते लागत नाही. तुमच्या केसमध्ये भारतीय न्याय संहितेचं १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि त्यात जखम झालेली असेल तर जन्मठेप शक्य आहे, तिथं हा रस्ता बंद. आरोपनिश्चितीत कलम ११७(२) वर आलं, म्हणजे साधी गंभीर दुखापत, कमाल सात वर्षं, तर दोन वर्षं चार महिन्यांचा हिशेब लागतो. बाईला खोटी आशा देऊ नका. तारीख मोजत बसलेल्या माणसाला ती फार महागात पडते.

आता ज्याचं डोकं फुटलं त्याचं घर. तिथं जाऊन पाय धरणे, पैसे देऊ करणे, मधल्या माणसाला पाठवणे, यातलं काहीच तिनं करू नये. तिच्या मनात माफी मागणं असेल, पण कागदावर ते 'साक्षीदारावर दबाव' होते आणि मिळालेला जामीनही रद्द होतो. ती माणसंही दुखावलेली आहेत, दवाखान्याचा खर्च त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांनाही भरपाईसाठी त्याच प्राधिकरणात अर्ज करता येतो, हे त्या सुनेला ग्रामसंघातल्या तिसऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं.

कडी वाजवणं. प्रत्येक वेळची तारीख आणि वेळ वहीत लिहा, लगेच ११२ वर फोन करा. फोनची नोंद राहते, पोलीस पाटलाला तोंडी सांगितलेलं राहत नाही. आणि पोलिसांनाच चौकशी करायची असेल तर साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथं येऊनच जबाब घ्यावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९.

२०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा कुठं लागतो? एकाच समाजातल्या लोकांनी ठरवून, पंचायत बसवून, 'हिच्याशी व्यवहार करू नका, केला तर दंड' असं केलं तर लागतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका बाईनं हळदीकुंकवाला बोलावलं नाही, याला लागत नाही. कायद्याचं नाव काढून धमकावलं तर जे दोन घरं अजून बोलतात तीही गप्प होतील. ठराव, दंड, जाहीर मनाई यातलं काही झालं तरच हे हत्यार काढा.

---

गटसखी (यवतमाळ जिल्हा):

सगळ्यांचे आभार. वहीचा हिशेब काढला, तिच्याकडे बाकी १४,२०० निघाली, लोक चाळीस हजार म्हणत होते. आता दोन गोष्टी. तहसीलमध्ये तिला 'संजय गांधी'त बसत नाही म्हणून परत पाठवलं. आणि पोरगा शाळेत जायला तयार नाही, पोरं त्याला बापाच्या नावानं चिडवतात.

---

तहसील_दाखले:

संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत 'शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी' आहे. तिचा नवरा अजून न्यायबंदी आहे, शिक्षा झालेली नाही, म्हणून परत पाठवलं. अन्याय वाटतो, आणि आहेच, कारण चूल तर अटकेच्या दिवशीच विझते. पण तिथं डोकं आपटून वेळ घालवू नका. शिक्षा लागली तर निकालाची प्रत आणि कारागृहाचा दाखला घेऊन पुन्हा जा. १,५०० महिना, उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची. एवढंच लक्षात ठेवा की ते सुरू झालं की लाडकी बहीणचे पैसे सोबत मिळत नाहीत.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या आधारवर ओटीपी मागतात. नवऱ्याचा मोबाईल पोलिसांकडे मुद्देमालात जमा असतो. हप्ता थांबला की बाईला वाटते आपल्याला 'जेलवाली' म्हणून काढलं. तसं नाही, ओटीपी अडला आहे. अंगणवाडी ताईमार्फत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

खरी मिळण्यासारखी गोष्ट बालसंगोपन योजना आहे. एका मुलामागे महिन्याला २,२५०, आणि तुरुंगात असलेल्या पालकांची मुलं तीत धरली आहेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समिती देते. लागते काय: आई आणि मुलांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तलाठ्याचा उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँक पासबुक, पासपोर्ट फोटो, आणि घरासमोर आई अन् मुलं उभी आहेत असा पोस्टकार्डाएवढा फोटो. वडील कारागृहात असल्याचा कारागृहाचा दाखला वकिलामार्फत मागवा, त्याला वेळ लागतो, तो अर्ज आजच टाका. गृहभेटीला माणूस येतो तेव्हा गल्लीत चर्चा होते, म्हणून आधी फोन करून भेट अंगणवाडीजवळ सुरू करायला सांगा.

रेशनकार्डात कुटुंबप्रमुख ती होऊ शकते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्रीच प्रमुख असते. सासूच्या कार्डात नाव असेल आणि सासू धान्य देत नसेल तर विभक्त कार्डाचा अर्ज पुरवठा विभागात द्या.

---

झेडपी_गुरुजी:

पोराबद्दल. त्याला खोटं सांगितलं आहे का, ते पहिलं विचारा. 'बाबा पुण्याला कामाला गेले' असं सांगितलेलं असते, आणि पटांगणात खरं ऐकावं लागते. तेव्हा तो चिडवणाऱ्यांवर जेवढा रागावतो त्याहून जास्त आईवर रागावतो. आठवीतल्या मुलाला खरं सांगावं, थोडक्यात: भांडणात एकाला लागलं, कोर्ट ठरवेपर्यंत बाबांना तिथं राहावं लागेल, आपण भेटायला जाऊ. चौथीतल्या मुलीलाही तेच, आणखी कमी शब्दांत. दोघांना एकच गोष्ट माहीत असली पाहिजे, नाहीतर मोठा लहानीजवळ फोडतो.

त्याला उत्तर द्यायला एक वाक्य हवं असते. 'केस चालू आहे, मी त्यावर बोलत नाही' हे घरी दहा वेळा म्हणून घ्या, तोंडात बसलं पाहिजे. बाप निर्दोष आहे असं भांडायला लावू नका, उद्या निकाल उलटा लागला तर पोरगं दुसऱ्यांदा पडेल.

वर्गशिक्षकांना आईनं एकटीनं जाऊन भेटावं, शाळा सुटल्यावर. मागण्या तीनच: हजेरीच्या वेळी वडिलांचा विषय निघू नये, बोनाफाईडवर जेलचा उल्लेख नसावा, पालकसभेत आईची सही चालावी. भेटीच्या दिवशीची गैरहजेरी आधी सांगून ठेवावी. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरचं लेकरू त्याच शाळेत असेल तर दोघांना एका बाकावर बसवून 'हात मिळवा' असला प्रकार करू नका. त्या लेकरानं बापाला रक्तात पाहिलं असेल.

आपल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्यात काच न ठेवता मुलांना बापाला भेटू देतात. तो मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी असतो, तरी अधीक्षक कार्यालयात विचारून ठेवा. अमरावतीची 'वऱ्हाड' संस्था बंद्यांच्या कुटुंबांसोबत काम करते, त्यांच्याकडेही विचारता येईल.

---

बेड्यावरची_वाट:

एक बाजू सुटून राहिली आहे. सगळ्यांनी धरून चाललं की त्या बाईला थांबायचंच आहे. तिला एकटीला विचारलं का? काही घरांत नवरा आत गेल्यावर पहिल्यांदा बाई रात्री झोपते. अशीला 'पतिव्रता हो, मुलाखतीला जा' म्हणणं हाही त्रासच. आणि जिला थांबायचं आहे तिला 'मूर्ख आहेस' म्हणणंही तसंच. आपल्या गावात सोडलं तरी बोलतात, थांबली तरी बोलतात. साखरपुड्याच्या पोरीला तर दोन्ही बाजूंनी. आणि तिला बोलायला तर नात्याचं नावही नाही, बायको असती तर निदान मंगळसूत्र दाखवता आलं असतं.

सोडायचं ठरलं तर शंभराच्या स्टँपवरची काडीमोड कोर्टात टिकवणं अवघड जाते. आणि हिंदू विवाह कायद्यात नुसता तुरुंगवास हे घटस्फोटाचं कारण नाही, मारहाण आणि क्रूरता हे आहे. ते होतं का, हे वकिलाजवळ मोकळेपणानं सांगावं.

अमरावती, यवतमाळ, वाशीमकडे पारधी बेड्यांवर (वस्त्यांवर) तर एका माणसाला अटक झाली की सगळ्या बायांकडे गाव त्याच नजरेनं पाहते. १८७१ च्या कायद्यानं त्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण बाजारात पारधी बाईच्या पिशवीत हात घालून पाहणारा दुकानदार आजही दिसतो. तुमच्या गावात त्या बाईला जे चार महिने सोसावं लागलं ते बेड्यावर आजीपासून नातीपर्यंत चालते. तिथं काम करत असाल तर प्रत्येक बाईचं आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला आधी हातात द्या. मुलाखतीच्या खिडकीवर आणि ठाण्यात दोन्हीकडे त्याशिवाय तिचं कोणी ऐकून घेत नाही.

---

गटसखी (यवतमाळ जिल्हा):

एकटीला विचारलं. तिला थांबायचं आहे, पण शेत हातचं जाऊ नये ही मोठी काळजी. घरात नऊ क्विंटल कापूस पडून आहे. दीर म्हणतो मी विकतो. खेडा खरेदीवाला सहा हजाराच्या वर जात नाही, त्याला माहीत आहे घरात माणूस नाही.

---

वकीलपत्र:

दिराच्या हाती देऊ नका, आणि दिराशी भांडणही नको. तिला मुखत्यारपत्र घ्यायला लावा. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे तुरुंगातल्या माणसाला मुखत्यारपत्रासाठी दुय्यम निबंधकाकडे हजर राहावं लागत नाही. मसुदा ५०० च्या स्टँपवर वकिलाकडून लिहून घ्या, अधीक्षकांच्या परवानगीनं आत सही होते, साक्षांकन कसं करायचं ते वकिलाला विचारा.

मसुद्यात कलमं चारच ठेवा: शेतीची वहिवाट, पिकाची विक्री, पीकविमा आणि नुकसानभरपाईचे अर्ज, त्याच्या बँक खात्याचा व्यवहार. जमीन विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात नाही, असं स्पष्ट वाक्य घाला. सासरच्यांची खरी भीती हीच असते की ही जमीन विकून माहेरी जाईल. ते वाक्य दिराला वाचून दाखवलं की निम्मा विरोध तिथंच मावळतो. उद्या तिच्यावर आळ आला तर तेच वाक्य तिच्या कामी येते.

बँकेत मूळ मुखत्यारपत्र दाखवून प्रत द्या आणि शाखाधिकाऱ्याची पोच घ्या. सीसीआयची (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाची) नोंदणी सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याच आधारवर होते आणि पैसे त्याच्याच खात्यात येतात, म्हणून खात्याचं कलम आधी मार्गी लावा, मग गाडी भरा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे. सहा हजारानं दिला तर नऊ क्विंटलमागे १९ हजारांवर पाणी सोडावं लागते, म्हणजे गटातल्या तिच्या बाकीपेक्षा जास्त. त्याची नोंदणी हंगामाच्या सुरुवातीला झाली होती की नाही ते आजच बाजार समितीत विचारा. झाली नसेल तर बाजार समितीच्या लिलावात न्या, गावात देऊ नका, आणि काट्याच्या पावतीवर नाव त्याचंच, 'मार्फत' तिचं, असं लिहून घ्या. कापूस कोरडा ठेवा, ओल जास्त निघाली की भाव कापतात. पाणी शिंपडून वजन वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.